दुपारची तालीम

मलकपेठ, हैदराबाद
१० ऑक्टोबर २००१

प्रिय केतकी,

घरात फोन असताना ही बाई कागद घेऊन का बसली, असं तुला वाटेल. फोन मी दोनदा करून पाहिला. एकदा तुझ्या आईंनी उचलला. पुण्यात उकडतंय का, आमच्याकडे पाऊस लांबलाय, असं बोलून आम्ही दोघींनी ठेवून दिला. दुसऱ्यांदा तू उचललास आणि मीच गप्प राहिले. तू दोनतीनदा हॅलो म्हणालीस आणि ठेवलास. तो फोन माझा होता.

डायनिंग टेबलावर बसून लिहिते आहे. मघाशी विक्रम येऊन गेला. माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघून म्हणाला, "हिशोब लिहितेस काय?" मी हौ म्हटलं. तुला ठाऊकच आहे, मराठी वाचायचं तर तो दुकानाच्या पाटीसारखं एकेक अक्षर लावतो. इंग्रजी शाळेत घातला तेव्हा आम्हाला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं होतं. त्यामुळे हे पत्र उघडं ठेवून लिहिलं तरी त्याच्यापासून झाकलेलंच आहे. तो चहा घेऊन वर गेला. बरा आहे. जेवतो कमी. दाढी वाढवली आहे.

इकडे सगळं ठीक. ह्यांचं बियाण्याचं दुकान चालू आहे. आता तिथे दोन कॉम्प्युटर आणलेत आणि दुकानातले सगळे "प्रतापराव सर" म्हणायला लागलेत, त्याचं ह्यांना बरं वाटतं. यादम्माच्या मुलीचं लग्न ठरलं. ती रोज तुझी खोली झाडते आणि रोज विचारते, "अम्मा, छोटी मॅडम कधी येणार?" पहिले काही दिवस मी सांगत होते, आईला बरं नाही तिच्या, बरं वाटलं की येईल. आता ती विचारते आणि मी उत्तर दिलं नाही तरी तिचं चालतं.

लग्नाआधी तू पहिल्यांदा ह्या घरात आलीस तो दिवस मला आठवतो. तेव्हा तू दिलसुखनगरला दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहत होतीस, शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या कंपनीत जायला तुला दोन बस बदलाव्या लागत. दारात आलीस, चप्पल काढलीस आणि पाया पडायच्या आधी विचारलंस, "बाथरूम कुठाय?" विक्रम लाजला. मला तू तिथेच आवडलीस. माझ्या सासूबाईंसमोर मला तहान लागली म्हणायला पहिलं वर्ष गेलं होतं. मी ठरवलं, हिला काही सांगायचं असेल तर ही सांगेल, हिच्या मनातलं ओळखत बसावं लागणार नाही. त्यामुळे मी कधी ओळखायला गेलेच नाही.

मग तो पिक्चर आला. विक्रम अमेरिकेत शिकून आला, वर्षभर नोकरी केली, सोडली आणि म्हणाला, मला माझ्या मनातलं काहीतरी करायचंय. ह्यांनी कुकटपल्लीचा प्लॉट विकून टाकला, आणि खरं सांगायचं तर त्याचं आम्हाला फार काही वाटलं नाही. त्या वर्षांत जमिनीच्या भावांनी आमच्यासारख्यांना असं काही करून ठेवलं होतं की मुलाचा हट्ट हा खर्च वाटत नव्हता. घर त्याच्या मित्रांनी भरून गेलं. सुधीर कॅमेरा घेऊन फिरायचा, यादम्माच्या पायात वायरी यायच्या. हिरॉइन म्हणून शिल्पा आली. तिच्या वडिलांची फॅक्टरी आहे, कुठली ते मला अजून माहीत नाही, कारण ती स्वतःशिवाय दुसऱ्या कशाबद्दल फारशी बोलत नाही. हिरो विक्रम, लिहिणाराही विक्रम, दिग्दर्शकही विक्रम. सगळे हॉलमध्ये परदेशी पिक्चर लावून बघायचे, मध्येच थांबवायचे, मागे घ्यायचे, आणि मग तसंच आपल्या गच्चीवर करून बघायचे. मी एकदा विचारलं, "गोष्ट काय आहे रे?" तर म्हणाला, "एक मुलगा आहे, त्याला नेमकं काय हवंय ते त्याला कळत नाही." मी म्हटलं, पुढे? म्हणाला, "एवढंच. लाइट ले आई, मनावर घेऊ नकोस."

तूही त्यात होतीस, हे मी विसरले नाही. ऑफिसातून आलीस की बॅग सोफ्यावर टाकून त्यांच्यात बसायचीस, इंग्रजी वाक्यं दुरुस्त करायचीस. तुमचं हसणं मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. तुम्ही तिघंचौघं आपल्याच बोलण्यावर इतकं हसायचात की ताट वाढलंय म्हणून दोनदा सांगितलेलं कुणाला ऐकू जात नसे. मला राग नव्हता. घरात तरुण माणसं हसताहेत, एवढं मला पुरत होतं.

फेब्रुवारीत मी उदगीरला भावाकडे गेले, भाचीच्या लग्नाला. त्यांनी आग्रह केला म्हणून नंतरही राहिले. परत आले तर तू पांघरूण घेऊन निजलेली. विक्रम म्हणाला, कावीळ झालीय. मी तुझे डोळे बघितले, पांढरे होते. "लवकर पकडली डॉक्टरांनी," असं विक्रम म्हणाला. मी उलटून विचारलं नाही. त्याच संध्याकाळी भावाला फोन करून काविळीची माळ मागवली. आमच्या गावाकडे एक म्हातारा करतो ती. डोक्यावर ठेवायची आणि जसा रोग उतरतो तशी ती वाढत गळ्यात येते म्हणतात. तू शिकलेली मुलगी, हसशील असं वाटलं होतं. तू डोळे मिटून बसलीस आणि मला ती डोक्यावर ठेवू दिलीस. फोडणीशिवाय वरण, ज्वारीची भाकरी, ताक आणि चौरस्त्यावरून रोज उसाचा रस. रस काढणाऱ्याला सांगून ठेवलं होतं, बर्फ नको, लिंबू नको, आमच्या सूनबाईला कावीळ आहे. तू सगळं खाल्लंस, प्यालीस, एकदाही नको म्हणाली नाहीस. आमटीत मीठ कमी पडलं तर बोलून दाखवणारी तू, ते बेचव जेवण महिनाभर गप्प जेवलीस. मी ह्यांना म्हटलं, पोर आजारपणात फार गुणी झाली.

एप्रिलमध्ये माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं. तू आली नाहीस, ऑफिसात परदेशी माणसं आली होती. विक्रम मला दवाखान्यात सोडून गेला, शूटिंग होतं. पट्टी बांधून मी पडले होते आणि शेजारच्या शोभाताई माझ्याजवळ बसल्या होत्या. तक्रार म्हणून लिहीत नाही. लिहिते ते एवढ्यासाठी, की त्या दिवशी घर रिकामं मिळालं म्हणून विक्रमच्या लोकांनी इथे काय शूट केलं ते मला नंतर कळलं. घरी आले तर माझ्या कपाटातली जांभळी इरकल साडी घडी मोडलेली होती. कुणी नेसली होती विचारलं, तर विक्रम म्हणाला, नाटकात काम करणाऱ्या एक बाई आल्या होत्या, त्यांना हवी होती. मी ती धुऊन इस्त्रीला दिली.

मग गणपती गेल्यावर पिक्चर लागला. पहिल्या दिवशी आपण सगळे गेलो. तू ती मोरपंखी साडी नेसली होतीस. ह्यांनी सूट घातला होता आणि दहा मिनिटांत झोपले. माझ्या एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला शोभाताई. तू पुढच्या रांगेत, विक्रम आणि शिल्पा यांच्यामध्ये. पडद्यावर आपलं घर दिसत होतं, आपली गच्ची, आपले कप. सगळे जण कॉफी पीत होते आणि स्वतःविषयी सांगत होते. मला इंग्रजी कळतं ते बँकेपुरतं. मी भिंतींचा रंग बघत बसले. आणि मग त्या बाई आल्या, माझी साडी नेसून, पांढऱ्या केसांचा टोप घालून, हातात उसाच्या रसाचा ग्लास. पलंगावर शिल्पा पांघरूण घेऊन निजलेली. त्या बाईंनी तिच्या डोक्यावर माळ ठेवली. लोक हसायला लागले. बाई मोडक्या हिंदीत म्हणाल्या, "पीलिया है, सब उतर जाएगा," आणि लोक आणखी हसले. पडद्यावरच त्यांच्या मागे विक्रम उभा होता, तो तोंडावर हात धरून हसू दाबत होता, आणि मग त्याने शिल्पाला इंग्रजीत काहीतरी म्हटलं. त्यातला 'बेबी' हा एकच शब्द मला कळला. मी शोभाताईंना विचारलं, काय म्हणाला? त्या हसत होत्या. हसत हसतच माझ्या कानाशी वाकल्या, "अहो, हिचं मूल पडलंय, आणि सासूला सांगितलंय कावीळ." बोलून झालं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्या हसायच्या थांबल्या. बाकी सगळं थिएटर हसत होतं.

मला समजलं ते असं, केतकी. आपल्या घरात एक लेकरू येणार होतं आणि गेलं, हे मला अंधारात, तिकीट काढून, परक्या लोकांबरोबर कळलं. मी समोर बघितलं तर तुझी मान जराही हलत नव्हती. मध्यंतराला तू उठलीस. मला वाटलं, तोंड धुवायला गेली. तू परत आली नाहीस आणि पिक्चर संपेपर्यंत कुणी विचारलंही नाही. बाहेर लोक विक्रमला मिठ्या मारत होते. गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "चांगलं काढलंय. घर फार छान दिसतं." घरी आलो तर तुझ्या खोलीचं दार आतून बंद होतं. सकाळी तू म्हणालीस, आईला बरं नाही, पुण्याला जाऊन येते. मी तुला डब्यात धपाटे बांधून दिले. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. तुझ्या डोळ्यांकडे मी बघितलं नाही आणि तूही माझ्याकडे बघितलं नाहीस. ऑटो वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

विक्रमला मी विचारलं, आठवड्यानं. तेवढे दिवस लागले. विचारलं, "हे दाखवायचं म्हणून केतकीला विचारलं होतंस का?" तो म्हणाला, "आई, ती स्वतःच हे सांगून पहिल्यांदा हसली होती. माळेचं, रसाचं. आम्ही सगळेच हसलो होतो. नंतर म्हणाली काढून टाक, मी म्हटलं बघू, पण तो सीन फार चांगला झाला होता." मग म्हणाला, "आणि तुला सांगायचं नाही हे तिचंच होतं." तू हसली असशील. त्यावर मी विचार केला आहे, आणि ते मला समजू शकतं. एखादी गोष्ट सोसत नसली की माणूस ती चारचौघांत हसून सांगतो आणि मग ती चारचौघांची होते. मला न सांगण्याचंही समजू शकतं. मी तुला कधी काही विचारलंच नव्हतं. पण त्याने "काढून टाक" ऐकलं होतं आणि ठेवलं, ह्याच्यापुढे माझा विचार जात नाही. तिथेच थांबतो.

पेपरात एका माणसाने लिहिलं, की हा पिक्चर इकडून तिकडून उचललेला आहे, आणि ह्यातल्या श्रीमंत पोरांना स्वतःपलीकडे कुणी दिसतच नाही. शोभाताईंनी मला मराठीत सांगितलं. मात्र काविळीचा तेवढा प्रसंग खरा वाटतो, असं त्याने शेवटी लिहिलं आहे. विक्रमने तेवढी ओळ कापून फ्रीजवर चिकटवली. मी दूध काढायला जाते तेव्हा ती दिसते.

मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. स्वयंपाक होतो, पूजा होते, यादम्माला ओरडते, सगळं हातून होतं. चव कळत नाही म्हणून मीठ हे चाखून सांगतात. ह्यांना मी काही सांगितलेलं नाही. ते झोपले होते, त्यांच्या लेखी ती कावीळच होती. सांगितलं तर ते विक्रमवर ओरडतील, दोन दिवस जेवणार नाहीत आणि मग दुकानात जातील. एक दिवस दुपारी मी एकटी ऑटो करून पुन्हा थिएटरात गेले. पिक्चर उतरायला आला होता, आत मोजकी माणसं, त्यातही दोघं एसीत झोपायला आलेले. तो प्रसंग आला तेव्हा कुणी हसलं नाही. मला बघायचं होतं ते तुझं तोंड. मी माळ ठेवताना तू कशी दिसत होतीस, हे मी त्या वेळी नीट पाहिलं नव्हतं. पडद्याकडे बघत राहिले आणि मग लक्षात आलं, ही शिल्पा आहे. तिचं बघून तुझं कसं कळणार? मी उठून आले. वाटेत ऑटोवाल्याने विचारलं, "कैसी है पिक्चर, अम्मा?" मी म्हटलं, "ठीक है."

आता मी का लिहिते ते. काल दुपारी मी खोलीत पडले होते, झोप लागली नव्हती. बाहेर ह्याच टेबलाशी विक्रम आणि शिल्पा बसले होते. मी झोपले आहे असं समजून मोठ्याने बोलत होते. विक्रम शुक्रवारच्या गाडीने निघून शनिवारी सकाळी तुझ्याकडे येणार आहे. तुला न्यायला. तुला काय सांगायचं ते तो म्हणून बघत होता, आणि शिल्पा तू होऊन समोर बसली होती. तो मध्येच इंग्रजीत जायचा तेव्हा शिल्पा म्हणायची, "मराठीत बोल, ती मराठीत विरघळेल." त्यामुळे मला सगळं कळलं. शब्द चांगले आहेत, केतकी. मी आंधळा होतो, मला फक्त मी दिसत होतो, असे आहेत. एका ठिकाणी त्याचा आवाज फुटला आणि तो रडला. ते रडणं खरं होतं. मी त्याची आई आहे, मला त्याचं खोटं रडणं पाळण्यापासून ठाऊक आहे. शिल्पा म्हणाली, "हे ठेव. हे इथेच येऊ दे." मग त्याने पुन्हा पहिल्यापासून म्हटलं आणि पुन्हा त्याच ठिकाणी रडला. त्यानंतर शिल्पा म्हणाली, बाळाचा नुसता बाळ म्हणून उल्लेख पोकळ वाटतो, तुम्ही त्याचं नाव ठेवलं होतं का? विक्रम म्हणाला, नाही, तेवढा वेळच नव्हता. मग दोघांनी मिळून नाव शोधलं. दोन नावं म्हणून बघितली, ती पसंत पडली नाहीत. तिसरं ठेवलं. तो शनिवारी तुला सांगेल, की हे नाव मी तेव्हापासून मनात धरून आहे. ते नाव मी इथे लिहीत नाही. तू ये किंवा येऊ नकोस, त्याच्यावर माया असेल तर ये, मी दोन्हीला काही म्हणणार नाही, आणि विक्रमलाही मी काही बोललेले नाही. फक्त ते नाव ऐकून येऊ नकोस. ते काल दुपारी ठरलं आहे. हे पाकीट मी आत्ता स्वतः चौरस्त्यावरच्या कुरियरवाल्याकडे देऊन येते. तो म्हणतो, शुक्रवारपर्यंत पुण्यात पोचतं.

तुझीच,
सुशीला